सांबा ऐकायचा कसा: वजन दोनावर, शब्द त्याच्याही आधी

प्रश्न थोडक्यात असा. ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणाऱ्या एकाला ब्राझीलमधल्या रिओच्या कार्निव्हलमधला सांबा ऐकताना 'एक' कुठे आहे तेच सापडत नाही. शेकडो वाद्यांच्या गदारोळात कोणतं वाद्य काय करतंय ते उमगत नाही आणि गाणारे ताल सोडून पुढे पळतायत असं वाटतं. घरच्या घरी हे समजून घ्यायला काही करता येईल का, असंही त्याने विचारलंय.

'एक' सापडत नाही, कारण तो चुकीच्या जागी शोधला जातोय. सगळ्यात मोठा, सगळ्यात खर्जातला ढोल जिथे पडतो तिथे आपला कान आपसूक सम धरतो. सांबामध्ये तो ठोका दुसऱ्या मात्रेवर असतो. तिथे सम धरली की सगळं अर्ध्या आवर्तनाने सरकतं. मग गाणारा चुकल्यासारखा वाटतो, छोटी वाद्यं अडखळल्यासारखी वाटतात आणि मुखडा भलतीकडेच सुरू होतो. कान एका मात्रेने फिरवला की हीच गर्दी जागेवर बसते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधी खालून, म्हणजे खर्जापासून सुरुवात करू.

सांबाचं आवर्तन दोन मात्रांचं. प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे एकूण आठ घरं. पाय आपटत चाला: एक हलका, दोन जड. या 'दोन'वर जो पडतो तो पहिला सुर्दो. सुर्दो या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बहिरा किंवा दबका. नावात 'पहिला' आणि ठोका दुसऱ्या मात्रेवर, ही गफलत सगळ्यांचीच होते. हा ढोल २४ ते २६ इंच व्यासाचा, कधी त्याहूनही मोठा, दोन्ही तोंडांना पान असलेला आणि सहसा अॅल्युमिनियमच्या पिंपाचा असतो. खांद्यावरच्या किंवा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा आणि मऊ, जाड डोक्याच्या एकाच टिपरूने वाजवायचा. त्याला उत्तर देतो दुसरा सुर्दो. तो २२ ते २४ इंचांचा, थोडा वर लावलेला आणि 'एक'वर पडणारा. दोघांत साधारण सा ते म एवढं अंतर ठेवतात. ते फार जवळ लावले तर लांबून एकच ढोल वाजतोय असं वाटतं. फार लांब लावले तर प्रश्न आणि उत्तर अशी जोडी राहत नाही.

तिसरा सुर्दो १६ ते २० इंचांचा. त्याला 'कापणारा' असंही म्हणतात. बाकीचे दोघे मैलाचे दगड रोवतात आणि हा मधली जागा कापत जातो. कधी 'दोन'च्या आधी दोन ठोके, कधी पुढच्या 'एक'कडे ढकलणारी छोटी धाव. वाद्यवृंदाचा झोका या ढोलावर अवलंबून असतो, म्हणून तो नवख्याच्या हाती देत नाहीत.

सुर्दो वाजवताना सर्वात जास्त चूक होते ती डाव्या हाताची. उजव्या हाताने ठोका दिला की काम संपलं असं वाटतं, पण अर्धं काम आवाज थांबवण्याचं असतं. पहिला सुर्दो 'दोन'वर वाजतो आणि 'एक'वर डावा तळवा पानावर ठेवून त्याची घुमक मारतो. तसं केलं नाही तर गुंजन पुढच्या ठोक्यात मिसळतं, दुसऱ्या सुर्दोचं उत्तर त्यात बुडतं आणि खर्जाचा चिखल होतो. ढोलाच्या सवयीच्या हाताला ही शांतता पाळणं ठोक्यापेक्षा अवघड जातं.

ही मांडणी सगळीकडे एकसारखी नाही. रिओमधले सांबाचे संघ स्वतःला 'शाळा' म्हणवतात आणि जाणकार डोळे मिटूनही शाळा ओळखतात, ते यामुळेच. मांगेइरा शाळेत दुसरा सुर्दो नसतो. तिथे 'दोन' पडतो आणि 'एक'वर उत्तर येत नाही. त्या मोकळ्या जागेमुळे मांगेइराची चाल जास्त रुंद वाटते. मोसिदाजी शाळेत सूर उलटे लावतात. 'दोन'वरचा ढोल चढा आणि 'एक'वरचा खर्जाचा. तुमचा कान अजून आपल्याकडच्या सवयीत असेल तर मोसिदाजीचं वादन सोपं वाटेल. पण तिथून सुरुवात करू नका, नंतर बाकीच्या शाळा ऐकताना पुन्हा घोळ होईल.

हे वजन 'दोन'वर आलं कसं, हे कळलं तर छोटी वाद्यंही कळतात. सांबाची मुळं बाहिया प्रांतातून रिओत आलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घरांत आहेत. प्रासा ओन्झे या चौकाजवळ तिया सियाता नावाच्या बाहियाच्या बाईंच्या घरी मैफली जमत. १९१६ मध्ये दोंगा या संगीतकाराने एक गाणं 'सांबा' म्हणून राष्ट्रीय ग्रंथालयात नोंदवलं आणि १९१७ च्या कार्निव्हलमध्ये ते गाजलं. पण त्या काळातल्या सांबाची आठ घरं ३+३+२ अशी वाटलेली असत. त्या चालीचा गुण गोल फिरणाऱ्या नाचाचा. पुढे एस्तासिओ या वस्तीतल्या तरुणांना रस्त्यावरून चालत गाता येईल असा सांबा हवा होता. १९२८ मध्ये त्यांनी 'देइशा फालार' हा संघ काढला. त्यांच्यातले इस्माएल सिल्वा पुढे सांगत की जुन्या चालीवर मिरवणूक पुढे सरकत नसे. हा फरक त्यांनी बोलांतच सांगितला. जुनं 'तान तानतान', नवं 'बुम बुम पातिकुम्बुम प्रुगुरुन्दुम'. तबल्याच्या देशातल्या माणसाला याहून वेगळं स्पष्टीकरण लागू नये. १९८२ मध्ये इंपेरिओ सेर्रानो शाळेने हे बोल थेट आपल्या गाण्याच्या नावात घेतले आणि त्या वर्षीच्या कार्निव्हल स्पर्धेचं अजिंक्यपद जिंकलं.

त्याच टोळीतले बिदे म्हणजे आल्सेबियादेस बार्सेलोस. लोण्याच्या मोठ्या रिकाम्या डब्याला तोंड मढवून सुर्दो हे वाद्यच पहिल्यांदा त्यांनी केलं, असं मानलं जातं. चालणाऱ्या पायांना दिशा देण्यासाठी हा आवाज जन्माला आला. त्यामुळे त्याचा संबंध नाचापेक्षा पावलाशी जास्त आहे.

नव्या चालीत सोळा घरांचं, म्हणजे दोन आवर्तनांचं एक रूप पक्कं झालं: २+२+३+२+२+२+३. आधी सात, मग नऊ. सोळा म्हटल्यावर त्रितालाकडे धाव घेऊ नका. इथे चारचार घरांचे विभाग नाहीत आणि सातनंतर नऊ येतात म्हणून तोल मुद्दाम ढळलेला असतो. हे चक्र कुठूनही सुरू होऊ शकतं. कुठे सुरू करायचं ते गाण्याचे शब्द ठरवतात. एका गाण्यात नऊचा भाग आधी येईल, दुसऱ्यात सातचा. गाणं आणि हे चक्र उलटसुलट बसले तर वाजवणाऱ्यांना ते क्षणात खटकतं, ऐकणाऱ्याला मात्र 'काहीतरी बिनसलंय' एवढंच जाणवतं.

हे चक्र सर्वांत स्पष्ट ऐकू येतं ते तंबोरिममध्ये. दिमडीपेक्षाही छोटा, साधारण सहा इंचांचा, झांजा नसलेला हा एकतोंडी डफ. पूर्वी लाकडी चौकटीला खिळ्यांनी कातडं ठोकत, बऱ्याचदा मांजराचं, आणि आपण हलगी शेकतो तसं कागद पेटवून शेकत. आता प्लॅस्टिकचं पान आणि आवळायचे स्क्रू असतात. बैठकीच्या सांबामध्ये तो एका बारीक लाकडी काडीने वाजवतात. धरलेल्या हाताचं मधलं बोट पानाला खालून टेकवून मधली घरं हलकेच भरतात. मिरवणुकीत काडीऐवजी तीन-चार लवचीक प्लॅस्टिकच्या पात्यांची जुडी येते आणि वादनही बदलतं. तिथे प्रत्येक मात्रेचे चारही भाग वाजवायचे असतात. चारपैकी एक ठोका तंबोरिम मनगटात उलटवून, काडी वर येताना घ्यायचा. नुसत्या मनगटाच्या जोरावर चार सारखे ठोके पाच मिनिटंही टिकत नाहीत. हा पलटा हात वाचवतो आणि त्या लयीला तिचं डुलणंही देतो. सराव कमी वेगात सुरू करायचा तो याचसाठी. वेगात शिकलेला पलटा नेहमी उशिरा येतो आणि तीस-चाळीस तंबोरिम एकत्र आले की तो उशीर फाटलेल्या कापडासारखा ऐकू येतो.

काइशा म्हणजे तारांचा ताशा म्हणा. १२ किंवा १४ इंचांचा, दोन काठ्यांनी वाजवायचा. फरक असा की त्याच्या वरच्याच पानावर तारा ताणलेल्या असतात, म्हणून आवाज कोरडा आणि खरखरीत. सर्वात सोपा पाया असा: आठही घरं उजवा-डावा असे आलटून पालटून, आणि वजन पहिल्या, चौथ्या, सातव्या घरावर. जुनी ३+३+२ इथे अजून जिवंत आहे. प्रत्येक शाळेचा काइशाचा बोल वेगळा असतो आणि धरण्याची रीतही वेगळी. कोणी कमरेला लटकवून वाजवतात, कोणी वाद्य उचलून हाताच्या बेचक्यात आडवं धरतात. काइशांची संख्या मोठी असते आणि वाद्यवृंदाची जमीन तीच.

ताशा वाजवणाऱ्याला खरं घर वाटेल ते रेपिनीकमध्ये. रिओचे लोक सुरुवातीच्या 'र'चा उच्चार 'ह' करतात, त्यामुळे ऐकू येतं 'हेपिनीकी'. १२ इंचांचं, लांबट, दोन्ही तोंडांना अगदी टणक ताणलेलं पान. एका हातात काठी, दुसरा हात रिकामा. चार भागांत काठी, काठी, काठी, हात. काठीचा जोरदार ठोका पान आणि कडा दोन्हींवर एकदम पडायला हवा. नुसत्या पानावर पडला तर तो काइशाच्या गर्दीत हरवतो. उठावण हेच वाद्य देतं. रेपिनीक एकटं बोलतं आणि ठरलेल्या जागी सगळे उत्तर देत आत येतात. ताशेवाल्याचा हात इथे लवकर बसतो, पण एक खोड मोडावी लागते. ताशा सलग भरायची सवय लावतो. रेपिनीकला हाक मारून गप्प बसावं लागतं.

आता नोटेशनमध्ये न दिसणारी गोष्ट. मात्रेचे चार भाग सारखे नसतात. तिसरा आणि चौथा किंचित लवकर येतात, त्यामुळे चौथ्यानंतर पुढच्या मात्रेपर्यंत थोडी जास्त जागा सुटते. हा फरक इतका बारीक आहे की मोजून वाजवता येत नाही. अंगात मुरवावा लागतो. संगणकावर घरं अचूक आखून रचलेला सांबा निर्जीव वाटतो तो यामुळे. उलट टोकाची चूकही होते. 'डुललं पाहिजे' म्हणून चार भागांचे तीन करतात, म्हणजे त्रिश्र चाल होते. तो सांबा राहत नाही.

वरच्या पट्टीतली काही वाद्यं भरभर सांगतो. आगोगो म्हणजे एका दांडीवरच्या दोन शंकूसारख्या घंटा. नाव आणि वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांकडून आलेलं. इंपेरिओ सेर्रानोची ओळख चार घंटांच्या आगोगोंची, आणि ते चक्क सुरावट वाजवतात. शोकाल्यो म्हणजे चौकटीत ओळीने बसवलेल्या झांजांचा खुळखुळा. दोन्ही हातांनी डोक्याच्या उंचीवर धरून पुढे-मागे हलवायचा. तो जड असतो, म्हणून सहसा गाण्याच्या ठराविक भागांतच वाजतो. पुढे ढकलताना आवाज मोठा आणि मागे ओढताना छोटा निघाला तर लय लंगडते. रेको-रेको म्हणजे खाचा पाडलेला बांबू किंवा ताणलेल्या धातूच्या स्प्रिंगा, त्यावर काडी घासायची. तो एकटा ऐकलात तर किरकोळ वाटेल.

कुईका मात्र वेळ मागते. हसणं, कण्हणं, माकडाचं ओरडणं असं काहीतरी ऐकू येतं आणि लोक विचारतात की हे कोण गातंय. हा ढोलच आहे. एका तोंडाला पान, त्या पानाच्या मध्यावर आतून बांधलेली बारीक बांबूची काडी. आपल्या चौंडक्यातही पानातून तार निघते, पण ती छेडतात. इथे काडी घासतात. उजवा हात पिंपात घालून ओल्या फडक्याने काडी चिमटीत धरायची आणि पुढे-मागे ओढायची. काडीचा थरथराट पानात उतरतो. डाव्या हाताचं बोट बाहेरून पानाच्या मध्याजवळ, काडीच्या गाठीशेजारी दाबलं की सूर चढतो, सोडलं की उतरतो. असा वर-खाली प्रवास सप्तकाच्याही पुढे जातो. मध्य आफ्रिकेतल्या, अंगोलाकडच्या घर्षणढोलांची ती वंशज.

नवख्याच्या हातात कुईका गप्प बसते, आणि कारणं बहुधा तीनच. फडकं कोरडं असतं, मग काडी पकडत नाही. किंवा ते थबथबीत असतं, मग हात नुसता सरकतो. पिळून काढलेलं, दमट फडकं हवं. तिसरं कारण म्हणजे चिमूट घट्ट आवळणं. आवाज येत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि काडी थरथरायचीच थांबते. पकड हलकी, ओढ लांब. पानही फार ताणू नका. फार ताणलेल्या पानावर बोटाने सूर चढवायला जागाच उरत नाही आणि मधली गाठ फाटायची भीती असते.

मिरवणुकीत हे सगळं मिळून रिओच्या पहिल्या श्रेणीच्या शाळेत साधारण २५० ते ३०० वादक होतात. वेग मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास. एक गोष्ट लक्षात घ्या: या वाद्यवृंदात फुंकायचं वाद्य चालत नाही. नियमांनीच बंदी आहे, फक्त वाद्यवृंद चालवणाऱ्या उस्तादाच्या शिट्टीला सूट. वादन थोडा वेळ तोडून गाणं चालू ठेवण्याची युक्ती म्हणजे 'पारादिन्या'. मोसिदाजीचे उस्ताद आंद्रे यांनी ती १९५९ मध्ये आणली असं मानतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते थांबण्यावर. परीक्षक बघतात ते परत येणं. तीनशे जण एकाच घरात उतरले का?

मिरवणूक म्हणजेच सांबा असंही नाही. टेबलाभोवती बसून, खाता-पिता वाजवतात ती 'रोदा'. तिथे वेग निवांत आणि ताल पांदेइरोच्या हातात. पांदेइरो म्हणजे खंजिरीचा दहा इंची थोरला भाऊ, पाच जोड झांजांचा. झांजा बशीसारख्या आत वळवलेल्या असतात, म्हणून आवाज कोरडा, छनछनाट नाही. चार भाग असे: अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, पुन्हा बोटांची टोकं. अंगठा कडेजवळ मोकळा पडला की सुर्दोसारखा खर्ज निघतो. धरलेल्या हाताचं बोट खालून टेकवलं की तो दबतो. म्हणजे एकाच वाद्यात सुर्दो, काइशा आणि शोकाल्यो. वाद्य हलवण्याचं काम डावं मनगट करतं. नवखे फक्त उजव्या हाताने मारत राहतात आणि दहा मिनिटांत खांदा धरून बसतात.

तारांच्या बाजूला काव्हाकिन्यो. चार तारांचं छोटं वाद्य, रे-सोल-सी-रे या पाश्चात्त्य स्वरांत लावलेलं. त्याचं काम स्वरसंगतीपेक्षाही तंबोरिमचं चक्र नखीने मारत राहण्याचं. खाली सात तारांची गिटार. तिची सातवी तार बहुधा खालच्या 'दो'मध्ये असते. गायक श्वास घेतो त्या फटीत ही तार खर्जात उतरत जाणारी वाक्यं टाकते. दिनो सेते कोर्दास यांनी अंगठ्याला नखी लावून ही शैली घडवली. पुढचे जवळपास सगळे त्यांच्याच वाटेवरून गेले.

सत्तरच्या दशकात कासिकी दे रामोस या संघाच्या अंगणात, चिंचेच्या झाडाखाली, दर बुधवारी जमणाऱ्या मंडळींनी रोदाचा आवाज बदलला. सेरेनो यांनी सुर्दोच्या जागी हाताने वाजवायचा लांबट ढोल, तांतां, आणला. उबिरानी यांनी रेपिनीकचं खालचं पान काढून बोटांनी वाजवायचं 'हातरेपिनीक' केलं. आल्मिर गिनेतो यांनी बँजोला काव्हाकिन्योची मान बसवली. गर्दीत लाकडी काव्हाकिन्यो ऐकू येत नसे, बँजो येतो. पुढे 'पागोजी' म्हणून जे जगभर गेलं त्याची ही वाद्यं. माझ्या मते सुर्दोपेक्षा तांतां वस्तीच्या छोट्या खोलीला जास्त शोभतो. त्याचा 'दोन' छातीवर येत नाही, जवळ येऊन बसतो.

आता आवाज. गाणारा पुढे पळतो असं वाटतं, तर त्याचं उत्तर वर अर्धं आलंच. त्याचे शब्द सुर्दोवर नाही, तंबोरिमच्या चक्रावर बसवलेले असतात. शिवाय ओळीचं शेवटचं जोरदार अक्षर मात्रेच्या एक घर आधी येतं. मात्रा येईस्तोवर शब्द पोचलेला असतो, आणि 'दोन'चा ढोल त्याच्या मागून येऊन त्याला टेकू देतो. आपल्याकडे समेवर शब्द आणून टाकण्यात मजा असते. इथे तो सम चुकवून आधीच ठेवण्यात असते.

स्वर बोलण्याच्या पट्टीतला, छातीतून, सरळ. लांबवलेल्या स्वरावर कंप कमी. पोर्तुगीजमधले नाकातले स्वर यात मोठं काम करतात. 'कोरासाँव' म्हणजे हृदय. या शब्दाचा शेवट तोंड उघडून लांबवता येत नाही, आवाज नाकात जाऊन मिटतो. म्हणून सांबामधली ओळ सहसा घुमत संपत नाही, दबत संपते, अगदी तळव्याने दाबलेल्या सुर्दोसारखी. मराठी गायक गायला घेतात तेव्हा दोन गोष्टी हमखास आड येतात. एक म्हणजे मुरकी. अक्षर दोन घरांत पसरलं की चक्र विस्कटतं. दुसरी म्हणजे आकार. स्वर ओढला की पुढच्या अक्षराची घाई होते. व्यंजन नेमकं टाका, स्वर लवकर सोडा.

ध्वनिमुद्रणाचाही यात हात आहे. भोंग्यात ओरडून गाण्याच्या काळात भारदस्त गळा लागे. १९२७ पासून ब्राझीलमध्ये मायक्रोफोनवर मुद्रण सुरू झालं आणि मारिओ रेइस यांच्यासारखा जवळजवळ बोलत गाणारा माणूस टिपता येऊ लागला. १९५८ मध्ये जुआँव जिल्बेर्तो यांनी हेच टोकाला नेलं. आवाज आणखी लहान, तंबोरिम गिटारच्या बोटांत, आणि शब्द दोन्हींच्या मध्ये सरकते. पण सांबामध्ये नाजूकपणाच चालतो असं समजू नका. साठी ओलांडल्यावर रंगमंचावर आलेल्या क्लेमेन्तिना दे जेझुस यांचा जाड, खोल आवाज ऐका. नेल्सन काव्हाकिन्यो यांचा घोगरा, एल्झा सोआरेस यांचा खरवडणारा ऐका. गळ्याची जात कोणतीही चालते, घर चुकलेलं चालत नाही.

समूहाचा आवाज वेगळा. शाळांच्या अंगणात गाणाऱ्या बायकांना 'पास्तोरास' म्हणतात. त्या पुरुषांच्या वरच्या सप्तकात, एकसुरात, उघड्या गळ्याने गातात. स्वरसंगतीचे थर नसतात, म्हणून धार येते. पार्तिदो आल्तो या प्रकारात ध्रुपद सगळ्यांचं आणि मधली कडवी जागेवर रचलेली, एकाने दुसऱ्याला डिवचणारी. कलगी-तुऱ्याच्या माणसाला हा खेळ परका वाटणार नाही. 'लालाइया' या निरर्थक बोलांवर सगळी ओळ फिरवायची रीतही आहे, त्यात दोना इव्होनी लारा यांचा हात धरणारं कोणी नाही. १९६५ मध्ये मोठ्या शाळेच्या मिरवणुकीचं गाणं रचणाऱ्यांत नाव लागलेल्या त्या पहिल्या बाई.

मिरवणुकीतल्या मुख्य गायकाला 'पुशादोर', म्हणजे ओढणारा म्हणतात. मांगेइराचे जामेलाँव यांना तो शब्द अजिबात खपत नसे, 'गायक म्हणा' असा त्यांचा आग्रह. पण काम ओढण्याचंच आहे. एकच गाणं तासाभराहून जास्त वेळ, हजारो लोकांना बरोबर घेऊन. बाजूला साथीचे गायक असतात ते श्वास वाटून घ्यायला. पट्टी निवडतात ती पुशादोरच्या सोयीने नाही. चालणाऱ्या बायका आणि पुरुष दोघांनाही एका सप्तकाच्या अंतराने झेपेल अशी ती हवी. गोव्यात कार्निव्हलला 'इंत्रुज' म्हणतात. तो शब्द ज्या पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून आला तोच रिओच्या जुन्या, पाणी आणि पीठ फेकण्याच्या कार्निव्हलचं नाव होता. शब्दाचं मूळ एक, संगीताच्या वाटा वेगळ्या.

मिरवणुकीतला सर्वात भीतीदायक अपघात म्हणजे गाणं आणि ताल 'आडवे' जाणं. त्याचं गणित साधं आहे. १९८४ मध्ये बांधलेला सापुकाईचा मिरवणूकमार्ग सुमारे ७०० मीटर लांब. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. १४० च्या वेगात एक मात्रा सुमारे ०.४३ सेकंदांची, म्हणजे तेवढ्यात आवाज फक्त १४५ मीटर पुढे जातो. वाद्यवृंदापासून तेवढ्या अंतरावर चालणाऱ्याला ढोल बरोबर एक मात्रा उशिरा ऐकू येतो. त्याचा 'एक' इतरांच्या 'दोन'वर पडतो. मार्गभर ध्वनिवर्धक लावूनही पुढची तुकडी आणि मागची तुकडी कधीकधी आडव्या येतात, आणि मग गुण जातात.

घरी सरावाला वाद्य विकत घेऊ नका. काडेपेटी घ्या. हे गंमतीने म्हणत नाही. सिरो मोन्तेइरो हे गायक काडेपेटी वाजवण्यासाठी प्रसिद्ध होते आणि रोदात ती आजही चालते. अर्ध्या काड्या काढून टाका, म्हणजे आत खुळखुळायला जागा राहील. पेटी एका हाताच्या अंगठा आणि बोटांत सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चपट्या बाजूवर वाजवा. घट्ट धरली तर नुसता टकटकाट होतो. दुसरा पर्याय काचेची किंवा चिनी मातीची बशी आणि सुरीची पाठ. बशीच्या कडेवर सुरी खरवडायची. बाहियाच्या सांबामध्ये हे अस्सल वाद्य आहे आणि रिओत जुआँव दा बायाना त्यात वाकबगार होते.

पहिला आठवडा फक्त पाय: मिनिटाला ८० च्या वेगात 'एक' हलका, 'दोन' जड. पाय न बिघडता बोलता येऊ लागलं की काडेपेटीवर २+२+३+२+२+२+३. प्रत्येक अंकाच्या पहिल्या घरावर ठोका, बाकीची घरं मनात. सात ठोके, सोळा घरं, खाली चार पावलं. नवव्या घराशी तिसरं पाऊल पडतं आणि तिथे ठोका नाही. तिथेच पाय अडखळतील, कारण हात आधीच्या घरात पडून गेलेला असतो. ते जमलं की सांबाचं एखादं ध्रुपद लावून त्यावर हे चक्र बसवा. खटकलं तर चक्र नऊच्या भागापासून सुरू करून बघा. दोनपैकी एक बसेल, आणि बसेल तेव्हा गायकाची अक्षरं तुमच्या ठोक्यांवर पडताना ऐकू येतील.